नाण्यावरील साल आणि नाण्याचे वय : मराठवाड्यातील जुन्या नाण्यांची कालनिश्चिती
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्याला विश्वसनीय साधन मानण्याची परंपरा आहे. बखर पक्षपाती असू शकते, कागद बनावट असू शकतो. नाणे मात्र राजसत्तेने स्वतः पाडलेले असल्याने त्यावरील मजकूर प्रमाण धरावा, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. हे विधान सर्वसाधारणपणे बरोबर असले तरी कालनिश्चितीच्या बाबतीत ते जसेच्या तसे स्वीकारणे धोक्याचे आहे. नाण्यावर आकडा आहे म्हणून तो सालाचाच असेल असे नाही. तो सालाचा असला तरी कोणत्या कालगणनेचा हे नाणे सांगत नाही, आणि कालगणना कळली तरी नाणे त्याच वर्षी पाडले गेले असे ठामपणे म्हणता येत नाही.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्यापूर्वी तो उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्याचा भाग होता, तर उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत असे. या भागातील जुन्या घरांत देव्हाऱ्यातील पूजेची नाणी, लग्नात दिलेले चांदीचे रुपये, बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांत गुंफलेली नाणी अशा रूपांत नाणकसंपदा टिकून आहे. गेल्या काही दशकांत संग्राहकांची संख्या वाढली, जुन्या नाण्यांना भाव आला आणि ‘हे नाणे किती जुने?’ हा अभ्यासकाचा प्रश्न बाजाराचाही झाला. या नाण्यांचे वय कसे ठरवावे आणि ते ठरविताना कोठे फसगत होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

साल लपविण्याची कारणे

आज नाणे जितके जुने तितके मोलाचे समजले जाते. ज्या काळात ही नाणी व्यवहारात होती, त्या काळी परिस्थिती नेमकी उलट होती. मोगल चलनपद्धतीत चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीला स्वीकारला जाई. मागील वर्षांचा रुपया वजनात फारसा कमी नसला तरी सराफ त्यावर बट्टा कापीत. म्हणजे जुनेपणा हा दोष होता आणि त्याचा भुर्दंड अखेर रयतेवर पडे. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने यावर विलक्षण उपाय केला. शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष रुपयावर कायम करून टाकण्यात आले आणि १७९३ पासून पुढील काही दशके तेच वर्ष असलेले रुपये पडत राहिले. बादशहा १८०६ मध्ये मरण पावला तरी नाण्यावरील १९ वे वर्ष हलले नाही. अशा नाण्यावरील साल वाचून त्याचे वय सांगणारा मनुष्य अक्षरशः बरोबर वाचतो आणि तरीही चुकतो.

पुण्याच्या अंकुशी रुपयाची गोष्ट याच जातीची आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली, परंतु बाजाराला परिचित असलेला छाप एकाएकी बदलणे कंपनीला सोयीचे नव्हते. म्हणून जुन्याच धाटणीचे रुपये पुढेही पाडण्यात आले. येथे निदान फसली सन पुढे सरकत असल्याने फरक ओळखता येतो. तांब्याच्या शिवराईवर तर सालच नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढाच मजकूर. राज्याभिषेकापासून (१६७४) चालू झालेले हे नाणे पेशवाईअखेरपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ त्याच मजकुराने निघत राहिले. मराठवाड्यातील आठवडी बाजारांतही ते खेळत असे. त्यामुळे घरात सापडलेली प्रत्येक शिवराई शिवकालीन असल्याची समजूत भावनिकदृष्ट्या स्वाभाविक असली तरी बहुतेक वेळा ती निराधार असते. ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ असे लेखनभेद, अक्षरांचे वळण, वजन आणि ठशाची ठेवण यांवरूनच तिचा काळ अजमावावा लागतो. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही उत्तरकालीन होय. छत्रपतींचे नाव नाण्यावर दीडशे वर्षे टिकणे हीच खरे तर ऐतिहासिक महत्त्वाची बाब आहे. संग्राहक मात्र ती बाजूला सारून प्रत्येक नाणे पहिल्या दहा वर्षांत नेऊन बसवितो.

ब्याण्णव हा आकडा

हैदराबादच्या नाण्यांकडे वळले असता गुंतागुंत आणखी वाढते. १८५७ पर्यंत निजामाच्या टांकसाळींतील नाणी मोगल बादशहाच्या नावाने पडत. औरंगाबादकडील ‘गोविंदबक्षी’सारखी बाजारातील नावे नाण्यावर कोरलेली नसत, ती लोकांच्या तोंडी होती. दिल्लीची बादशाही संपल्यावर नाण्यावर ‘निजामुल्मुल्क आसफजाह बहादुर’ हा मजकूर आला. येथे पहिला चकवा आहे. आसफजाह ही पदवी घराण्याच्या मूळ पुरुषाची. तो १७४८ मध्येच वारला. परंतु अफजलुद्दौला (१८५७–१८६९) आणि मीर महबूब अली खान (१८६९–१९११) या दोघांच्याही नाण्यांवर तीच पदवी आहे. नाव वाचून नाणे पहिल्या निजामाचे ठरविले, तर एका शतकाहून अधिक अंतराची चूक होते.

दुसरा चकवा अधिक मनोरंजक आहे. या नाण्यांच्या वरच्या भागी फारसी अंकांत ९२ असा आकडा असतो. फारसी अंकांची तोंडओळख असलेला संग्राहक तो उत्साहाने वाचतो आणि १२९२ किंवा ११९२ असे साल मनाशी जुळवितो. वस्तुतः हा सालाचा आकडा नाही. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला संख्यामूल्य असते. मीम ४०, हे ८, पुन्हा मीम ४० आणि दाल ४ मिळून ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज ९२ होते. हे पवित्र नाव संख्येच्या रूपाने नाण्याच्या शिरोभागी ठेवलेले आहे.

ज्या संख्येला वाचक काळ समजतो ती भलतेच काही सांगत असते, हा अनुभव केवळ नाणेशास्त्रापुरता नाही. चीनच्या युन्नान प्रांतातील पु-अर नावाचा दाबून वड्या केलेला चहा वर्षानुवर्षे मुरवून ठेवतात; जुन्या वडीला मोठी किंमत येते. त्यांपैकी ‘७५४२’ या प्रसिद्ध क्रमांकातील ७५ हा आकडा १९७५ मध्ये ठरलेल्या मिश्रणाचा आहे, ४ पानांच्या प्रतीचा आणि २ मेंगहाई येथील कारखान्याचा. गतवर्षी तयार झालेल्या वडीवरही तोच क्रमांक असू शकतो. १९७३ मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात ओलसर ढीग लावून चहा लवकर मुरविण्याची रीत बसविण्यात आली, तेव्हापासून रंगावरून वय सांगणेही कठीण झाले. जाणकार मग वेष्टनाचा कागद, छपाईची शाई आणि साठवणुकीच्या हवेतील ओलावा यांवरून अंदाज बांधतो. २००७ मध्ये या चहाचा भाव गडगडला तेव्हा वेष्टनावर विश्वासून पैसे गुंतविलेले अनेक लोक बुडाले. आपल्याकडे रासायनिक लेप देऊन नाण्यावर काळसर छटा चढविणारे कारागीर आहेत. त्यांना युन्नानचे नावही ठाऊक नसेल, पण धंदा तोच.

हिजरी की फसली?

आता खऱ्या सालाकडे येऊ. हैदराबादच्या नाण्यांवर हिजरी सन असून त्याच्या जोडीला जुलूसाचे, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष दिलेले असते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे. म्हणून हिजरी सनात ठरावीक आकडा मिळवून इसवी सन काढता येत नाही. हिजरी सनास ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळविल्यास कामापुरते उत्तर मिळते. याउलट संस्थानचा महसुली कारभार फसली सनाने चाले. दख्खनी फसली सन शाहजहानच्या काळी, १६३६ च्या सुमारास, तेव्हाच्या हिजरी आकड्यावरूनच सुरू झाला. परंतु पुढे तो सौर मानाने मोजला गेल्यामुळे दोहोंतील अंतर वाढत गेले. हैदराबादेत फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजुर महिन्यापासून सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सनात ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळविले की इसवी सन येतो.

नांदेड-लातूरकडील शेतकरी कुटुंबांना फसली सन परका नाही. जमिनीच्या जुन्या कागदांवर तो पदोपदी आढळतो. त्यामुळे नाण्यावरील सालही फसलीच असणार असे गृहीत धरले जाते. या चुकीला सरकारचाही हातभार आहे. १९१८ च्या कायद्यानंतर संस्थानाने ज्या कागदी नोटा काढल्या, त्यांवर फसली सन छापला. एकाच सरकारचे एकाच खिशातील नाणे हिजरी आणि नोट फसली! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे अंतर नऊ-दहा वर्षांचे भरते. नोटांबाबत आणखी एक विसंगती आहे. इंग्लंडमध्ये छापून पाठविलेल्या निजामी नोटांचा एक साठा ‘इजिप्त’ या जहाजाबरोबर मे १९२२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाला आणि पुढील दशकात सोन्याबरोबर वर काढण्यात आला. त्या नोटा अस्सल आहेत, जुन्या आहेत, पण चलनात कधीच आल्या नाहीत.

चारमिनारची छबी असलेल्या यंत्रावरील नाण्यांबाबत कालनिश्चिती तुलनेने सुकर आहे. हातठशाच्या नाण्यात ठसा मोठा आणि चकती लहान असल्याने साल अनेकदा चकतीबाहेर जाई. यंत्राच्या नाण्यात ते पूर्ण उमटते. शिवाय चारमिनारच्या दारात एक अक्षर असते : महबूब अली खानांच्या नाण्यावर ‘मीम’, उस्मान अली खानांच्या नाण्यावर ‘ऐन’. हिजरी १३२९ हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर १९११ असे होते आणि २९ ऑगस्टला गादी बदलली. त्या सालाचे नाणे कोणत्या निजामाचे, हे दारातील अक्षर पाहिले की कळते. नव्या निजामाच्या आरंभीच्या नाण्यांत ‘ऐन’ हे अक्षर आखूड आहे, पुढे ते पूर्ण झाले. एवढ्याशा फरकावर संग्राहक मोठी किंमत मोजतात. ते हास्यास्पद वाटले तरी टांकसाळीत ठसा केव्हा बदलला याचा पुरावा त्यांच्या या हौसेमुळेच जतन झाला आहे.

बाजार, भामटे आणि कायदा

ग्रामीण भागात या अज्ञानाची किंमत फार मोठी आहे. राम-सीता किंवा मारुतीचे चित्र, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही अक्षरे आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले असलेली तांब्या-पितळेची नाणी चमत्कारिक म्हणून विकली जातात. ती तांदूळ ओढतात अशी बतावणी करून लाखो रुपये उकळणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या अधूनमधून येत असतात. कंपनीने सुरतेस वखार घातली ती १६१३ मध्ये. १६१६ मध्ये तिने आण्याचे नाणे पाडले असण्याची शक्यताच नाही. सर्व मुलखासाठी एकसारखे नाणे आले ते १८३५ च्या कायद्याने. येथे ठसा, धातू वा वजन तपासण्याची गरज नाही. पदवीच्या वर्गातील इतिहास पुरेसा आहे. ओतीव नकलांना मात्र बारकाईने पाहावे लागते. कडेवरील साच्याची शीर, पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे, मऊ झालेली अक्षरे आणि वजनातील तूट या त्यांच्या खुणा होत. अस्सल हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम वजनाचा असतो. त्याचा ब्रिटिश कळदार रुपयाशी विनिमयदर स्थूलमानाने सात हालीस सहा कळदार असा होता आणि सरहद्दीवरील तालुक्यांतील व्यापाऱ्याला तो तोंडपाठ असे.

पुरलेल्या नाण्यांचा प्रश्न निराळा आहे. हंड्यातील संचयाचा काळ त्यातील सर्वांत अलीकडील नाण्यावरून ठरतो. तो संचय त्यापूर्वी पुरलेला असू शकत नाही. म्हणून संचय अखंड पाहणे आवश्यक असते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, आणि तो शंभर वर्षांच्या आत पुरलेला आहे काय हे चौकशीत पाहिले जाते. परंतु शासनाने निधी घेतल्यास धातूच्या किमतीवर केवळ एक पंचमांश रक्कम अधिक देण्याची तरतूद आहे. संग्राहक याच्या अनेक पटींनी देतो. साहजिकच हंडा सापडला की चांगली नाणी निवडून विकली जातात, उरलेली सराफाच्या मुशीत जातात आणि संचयाची कालनिश्चिती कायमची अशक्य होते. या प्रदेशात त्याला १९९३ च्या किल्लारी भूकंपाची जोड मिळाली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. ज्या माळवदांच्या भिंतींत आणि बळदांत पिढ्यांचा ऐवज राहत असे, त्यांचे ढिगारे मागे राहिले. नाणे हाती आले तरी ते कोणत्या घरातील, कोणत्या गावचे, हा धागा तुटला.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. समजा, नांदेडच्या एखाद्या घरातील रुपयावर १३४३ हे साल आहे. ते फसली समजल्यास नाणे १९३३–३४ चे ठरते आणि परदेशी ग्राहकाला विकण्यास हरकत दिसत नाही. हिजरी १३४३ मात्र ऑगस्ट १९२४ ते जुलै १९२५ असे होते; म्हणजे जुलै २०२५ पासून त्या सालाचा एकही रुपया देशाबाहेर नेता येत नाही.