राखणीची ठासणी

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम कोणाला कोणत्या बंदुकीचा परवाना द्यावा, हे सांगते. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. पिकाच्या राखणीसाठी मात्र तोंडाकडून भरायची, म्हणजे ठासणीची. ठासणीने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच शेतकऱ्याला काडतुसाची बंदूक मिळू शकते. हा कायदा झाला तेव्हा जगातल्या मोठ्या सैन्यांनी ठासणी सोडून जवळजवळ शतक लोटले होते. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गात भात पिकायला लागले की रात्री राखणीला जाणाऱ्याच्या खांद्यावर ती अजून दिसते. शेतकऱ्याने ती आपणहून निवडली, हे अर्धेच खरे. डोंगरउतार, खिसा आणि सरकारच्या मनातली धास्ती या तिघांनी मिळून ती त्याच्या हाती दिली.

बंदूक या किनाऱ्याला नवी नव्हती. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि तीनच वर्षांनी आल्बुकर्कने आपल्या राजाला कळवले की गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका बनवतात. त्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवणाऱ्या. पुढे गारगोटीचा चाप आला. पण पावसाळी हवेत दोन्ही बेभरवशाच्या, कारण दारूची चिमूट उघड्यावर ठेवावी लागे.

त्यावर तोडगा निघाला तो पाखरांच्या शिकारीतून. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना बदकांच्या शिकारीचा नाद होता. गारगोटीची ठिणगी आणि बार यांमध्ये क्षणभर जाई आणि तेवढ्यात ती चमक पाहून पाखरू निसटे. आघाताने पेटणारी रसायने वापरून त्यांनी १८०७ मध्ये नव्या चापाचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची चिमुकली टोपी आली. सैन्याने ही युक्ती उचलायला आणखी तीसेक वर्षे लावली. छर्ऱ्यांची गोष्टही तशीच. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून खाली पाण्यात सोडून गोल, एकसारखे छर्रे पाडण्याचे पेटंट घेतले. लहान शिकारीच्या बंदुकीचे दोन मोठे प्रश्न असे शिकाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या हातून सुटले.

कोकणातली टोपीची ठासणी भरताना पाहण्यासारखी असते. दस्ता जमिनीवर टेकवायचा, नळी आभाळाकडे आणि स्वतःच्या तोंडापासून दूर धरायची. मापाने दारू ओतायची, त्यावर नारळाच्या काथ्याचा बोळा सारायचा आणि गजाने ठासायचा. बोळा घट्ट बसला की गज टणकन उसळतो. जाणता माणूस त्या आवाजावरूनच ओळखतो. मग छर्रे, त्यांवर दुसरा हलका बोळा. टोपी अगदी शेवटी, जागेवर पोचल्यावरच बसवायची. भरलेली बंदूक विसरून पुन्हा भरली तर नळी फुटू शकते, म्हणून गज आत टाकून खोली तपासण्याची सवय प्राण वाचवणारी ठरते. पाऊस असेल तर चापाभोवती तेलकट फडके गुंडाळायचे.

एक बार उडाला की पांढऱ्या धुराने समोरचे काही दिसत नाही आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. जखमी रानडुक्कर अंगावर आला तर हे अपंगत्व जिवावर बेतते. पण वाडीवस्तीला लागून असलेल्या भाताच्या दळ्यांत छर्ऱ्यांचा हाच तोकडा पल्ला उपयोगाचा आहे. रायफलची गोळी चुकली तर पलीकडच्या वाडीपर्यंत जाऊ शकते. छर्रे लवकर दम सोडतात.

सरकारच्या धास्तीचा इतिहास १८५७ पासूनचा. उठावानंतर ठिकठिकाणी शस्त्रे गोळा झाली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात आलेल्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला, युरोपियनांना मात्र सूट दिली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल मागितला. कूर्गमध्ये कोडवा समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, जमीनधारकांना परवान्यातून सवलत मिळाली, ती आजही टिकून आहे. कोकणच्या शेतकऱ्याला असे काही लाभले नाही. स्वतंत्र भारताने वंशभेद पुसला, पण शेतकऱ्याच्या हाती सर्वांत कमजोर हत्यार असावे हा विचार कायद्यात तसाच राहिला. पिकाच्या राखणीची जबाबदारी त्याच्यावर आणि साधन मात्र मोजूनमापून, हे अन्यायाचेच होते.

ज्यांना जमले त्यांनी बारा बोर घेतली. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसते ती नळी बारा बोरची. तिच्यामुळे खरी निवड बंदुकीकडून काडतुसाकडे सरकली. आकडा जितका मोठा तितका छर्रा बारीक, म्हणून तितर आणि सशासाठी सहा नंबर, डुकरासाठी एलजीचे मोजकेच पण जाड छर्रे. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे परवानाधारकांच्या चांगल्या ओळखीची आहेत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा अध्याय संपवला, आणि ते आवश्यकच होते. भेकर-सांबरांची रानोमाळ पारध तशीच चालू राहिली असती तर सह्याद्री ओस पडला असता. तेव्हापासून पिकाचे नुकसान करणाऱ्या डुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. त्यामुळे बंदूक बहुतेक वेळा आवाजापुरती उरली. माकडांच्या बाबतीत ती आधीपासून तशीच होती, कारण मारुतीच्या जातीवर नेम धरायला अनेकांचा हात धजत नाही.

त्यातच निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. सरसकट सर्वांकडून न घेता छाननी समितीने ठरवावे, अशी पद्धत आहे. तरी आंबा-काजूच्या किंवा भाताच्या ऐन हंगामात हुकूम आला की गावोगावी तक्रारी उठतात. कागदपत्रांचे हेलपाटे टाळण्यासाठी काहींनी प्लॅस्टिकच्या नळ्यांची कार्बाइडची बंदूक आणली. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगी मिळताच मोठा धमाका होतो. तिला छर्रे नाहीत, पण स्फोट चेहऱ्याजवळ झाला तर डोळा जातो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये अशाच नळ्यांशी खेळताना अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. ठासणीच्या दारूचे माप आणि गजाची खूण वडीलधारी माणसे वर्षानुवर्षे हाताला शिकवीत आली. या नळीबाबत तसे शिकवणारे कोणी नाही, आणि काजूच्या बागांत तिचे आवाज वाढत चालले आहेत.