एका व्याधीची शिरगणती

जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात याजकावर एक विलक्षण जबाबदारी सोपविलेली आहे. अंगावर चट्टा उठलेला मनुष्य त्याच्यापुढे आणला जाई. याजक तो चट्टा निरखी, संशय असल्यास त्या मनुष्यास सात दिवस वेगळे ठेवी आणि मग शुद्ध वा अशुद्ध असा निर्णय देई. मूळ हिब्रू ग्रंथात या विकाराला ‘त्साराअथ’ म्हटले आहे. हा विकार वस्त्रांना आणि घराच्या भिंतींनाही होई. अर्थात ते आजच्या अर्थाने एका रोगाचे नाव नव्हे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘लेप्रा’, म्हणजे खवले सुटणारा विकार, हा शब्द योजला. पुढे मध्ययुगात तोच शब्द महारोगाला कायमचा चिकटला.

खवले सुटणारा विकार म्हटला की आज आपल्याला आठवतो तो सोरायसिस. लाल चट्टे, त्यांवर रुपेरी पापुद्रे, कधी सांधेदुखी. तो जंतूंमुळे होत नाही व स्पर्शाने पसरत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणाच बिघडते आणि त्वचेच्या पेशी अतिवेगाने वाढू लागतात. असे रुग्ण पूर्वी महारोगी समजून गावाबाहेर घातले जात, असे पुष्कळदा लिहिले जाते. काहींच्या वाट्याला तसे आले असेलही. परंतु डेन्मार्कमधील नेस्टवेड येथील मध्ययुगीन कुष्ठालयाची दफनभूमी मोलर-क्रिस्टेन्सेन या वैद्याने विसाव्या शतकात उकरली, तेव्हा बहुसंख्य सांगाड्यांवर महारोगाच्याच खुणा आढळल्या. जुन्या लोकांची पारख आपण समजतो तितकी कच्ची नव्हती. समाजापासून तोडलेल्या या माणसांना स्वतःचे मंदिर, दफनभूमी आणि धर्मगुरू असावा, असे ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने ठरविले. त्यांना दूर ठेवणाऱ्या जगात त्यांचा आत्मा तरी दुर्लक्षित राहू नये, ही त्यामागील दृष्टी होती.

मग त्या काळी सोरायसिसचे रुग्ण किती होते? याचे उत्तर इतिहासाला देता येत नाही. हाडे शेकडो वर्षे टिकतात, कातडी टिकत नाही. आणि ज्या व्याधीला स्वतःचे नाव नाही तिची शिरगणती होत नाही. लंडनचे डॉ. रॉबर्ट विलन यांनी १८०८ साली तिचे बारकाईने वर्णन केले. पण तिच्या एका प्रकाराला त्यांनीही ‘लेप्रा’च म्हटले. १८४१ मध्ये व्हिएन्नाचे फर्डिनांड हेब्रा यांनी हे सारे प्रकार ‘सोरायसिस’ या एकाच नावाखाली आणून ‘लेप्रा’शी असलेला संबंध तोडला. इकडे नॉर्वेने १८५६ मध्ये महारोग्यांची राष्ट्रीय नोंदवही उघडली आणि त्याच देशातील हान्सेन यांना १८७३ साली महारोगाचा जंतू सापडला. दोन्ही वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या.

नॉर्वेच्या नोंदवहीत महारोग उतरत उतरत जवळजवळ संपला. सोरायसिसचे आकडे मात्र निराळीच कथा सांगतात. फॅरो बेटांवर लोमहोल्ट यांनी लोकांची प्रत्यक्ष तपासणी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. प्रमाण निघाले शेकडा २.८. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे १९७९-८० साली शेकडा ४.८ जणांनी आपल्याला हा विकार आहे वा होता असे सांगितले. २००७-०८ मध्ये ते प्रमाण ११.४ झाले. अमेरिकेच्या ओल्मस्टेड परगण्यात प्रौढांमधील नवे रुग्ण १९७०-७४ मध्ये दरवर्षी लाखामागे सुमारे ५१ होते, ते १९९५-९९ मध्ये सुमारे १०० झाले. याउलट ब्रिटनमध्ये १९९९ ते २०१३ या काळात नवे रुग्ण कमी झाले, तरी एकूण प्रमाण शेकडा २.३ वरून २.८ वर गेले.

यात विसंगती नाही. विहिरीत पाणी कमी येऊ लागले, पण उपसा त्याहून कमी असला, तर पातळी चढणारच. हा विकार सहसा जन्माचा सोबती असतो. रुग्ण अधिक वर्षे जगू लागले की त्यांची संख्या वाढते. ट्रॉम्सोचे आकडे लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेले आहेत. जाणीव वाढली, वैद्य जवळ आले, की पूर्वी लपलेले रुग्णही मोजले जातात. मात्र सारीच वाढ कागदावरची आहे, असेही म्हणता येत नाही. लठ्ठपणा आणि धूम्रपान यांचा या व्याधीशी संबंध दिसून आला आहे, आणि राहणीमान तर सर्वत्र बदलले आहे.

जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ मध्ये ठराव करून, सोरायसिस संसर्गजन्य नाही आणि रुग्णांना भेदभाव सोसावा लागतो, याकडे सर्व राष्ट्रांचे लक्ष वेधले. हेब्रांनी नाव वेगळे केले त्याला तोवर पावणेदोनशे वर्षे होत आली होती. लोकांच्या मनातील भीती मात्र वेगळी झाली नव्हती. आजही मिस्सामध्ये शांतीचा हात पुढे करताना शेजाऱ्याच्या मनगटावरील चट्टे पाहून एखाद्याचा हात आखडतो. लग्नाची बोलणी मोडतात. बाही लांब ठेवून माणसे उन्हाळा काढतात. लेवीय काळचा याजक तपासून मगच निर्णय देत असे. आपण तर न तपासताच देतो. प्रभू येशूने ज्याला हात लावला तो मनुष्य खरोखरच अस्पर्श्य मानला गेलेला होता. येथे तर स्पर्शाने काहीच लागत नाही. तेव्हा हात आखडण्याला आपल्यापाशी कोणते कारण उरते?