निकेलच्या बेटांवरील मजूर पक्ष

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, पॅसिफिक महासागरांत, न्यू कॅलेडोनिया हा द्वीपसमूह आहे. फ्रान्सनें तो १८५३ सालीं आपल्या ताब्यांत घेतला. पुढें तेथें निकेल सांपडलें. मूळच्या कानक लोकांच्या जमिनी गेल्या, आणि १९४६ पर्यंत त्यांना 'देशी' माणसांसाठीं केलेल्या निराळ्या कायद्याखालीं राहावें लागलें. खाणींत राबण्यासाठीं जावा, टाँकिन व जपान येथून करारबद्ध मजूर आणले गेले.

हा इतिहास ठाऊक असला म्हणजे १९८१ सालीं निघालेल्या 'कानक व शोषित कामगार संघा'च्या नांवाचें मर्म कळतें. 'कानक' या शब्दांत गेलेल्या जमिनीची फिर्याद आहे. 'शोषित' या शब्दानें इतर कष्टकऱ्यांनाहि दार उघडें ठेविलें. मजुरीचा तंटा आणि स्वातंत्र्याचा तंटा एकच, अशी या संघाची धारणा. १९८४ सालीं स्वातंत्र्यवाद्यांची संयुक्त आघाडी उभी राहिली, तींत तो सामील झाला. १९८९ सालीं बाहेर पडला.

दरम्यान रक्तपातानंतर १९८८ सालीं तह झाला होता. १९९८ च्या नूमेआ करारानें स्वातंत्र्याचा कौल वीस वर्षांपर्यंत लांबविला आणि कारभार हळूहळू स्थानिकांच्या हातीं देण्याचें ठरविलें. स्वातंत्र्यवादी पुढारी मंत्रिमंडळांत बसले. कालचा सहकारी आज सरकार झाला, तर संपवाल्यानें गाऱ्हाणें कोणापुढें मांडावें? संघानें २००७ सालीं स्वतःचाच मजूर पक्ष काढला. त्याचे पुढारी लुई कोत्रा उरेगेई. संघाचे संस्थापकहि तेच. २००९ च्या निवडणुकींत ५४ पैकीं तीन जागा मिळाल्या. त्याच वर्षीं विमान कंपनीशीं झालेल्या झगड्यांत संघाच्या तत्कालीन अध्यक्षांस तुरुंगवास घडला. २०१४ सालीं पक्षाकडे एकच जागा उरली.

अखेर २०१८ सालीं सार्वमत आलें, आणि ज्या पक्षाचा जन्मच स्वातंत्र्यासाठीं, त्यानेंच मतदानास जाऊं नका असें सांगितलें! ही लढाई आधींच हरलेली आहे, असें त्याचें म्हणणें. लोकांनीं तें फारसें मानलें नाहीं. सुमारें ८१ टक्के मतदार गेले आणि ५६.७ टक्के मतें स्वातंत्र्याविरुद्ध पडलीं. म्हणजे हार झाली खरी, पण अपेक्षेपेक्षां थोडक्यानें. २०२० सालीं पक्षानें पवित्रा बदलून 'होय'चा प्रचार केला. विरोधी मतें ५३.३ टक्क्यांवर उतरलीं.

तिसरा कौल डिसेंबर २०२१ मध्यें झाला. साथीच्या रोगानें कानक वस्त्यांत सुतक पसरलें होतें, आणि तारीख पुढें ढकलण्याची विनंती फ्रान्सनें मानली नाहीं. या वेळीं सर्वच स्वातंत्र्यवाद्यांनीं बहिष्कार घातला. मतदान ४४ टक्क्यांच्याहि आंत राहिलें, आणि त्यांतील ९६.५ टक्के मतें फ्रान्सकडे गेलीं.