मार्कंडा : आठव्या चिरंजीवाचे क्षेत्र

चिरंजीव सात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र प्रातःस्मरणाच्या परंपरेत सातांपाठोपाठ आठवे नाव घेतले जाते, ते मार्कंडेयाचे. वाढदिवसाच्या जुन्या विधीत दीर्घायुष्यासाठी त्याचेच आवाहन होते.

या आठांचे अमरत्व एकाच जातीचे नाही. अश्वत्थाम्याच्या वाट्याला ते शाप म्हणून आले. मार्कंडेयाची कथा निराळी आहे. मृकंड ऋषींचा हा पुत्र सोळा वर्षांचेच आयुष्य घेऊन आला होता. यमाचा पाश पडला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली. शिवाने यमालाच परतविले आणि मुलगा कायमचा वाचला. महाभारताच्या वनपर्वात हाच मार्कंडेय प्रलयाचा साक्षीदार होऊन पांडवांना कथा सांगतो.

हे घडले कोठे? तमिळनाडूतील तिरुक्कडैयूर त्यावर हक्क सांगते. वैनगंगेच्या खोऱ्यातील लोक मात्र मूलच्या आग्नेयेस असलेल्या मार्कंडादेवाकडे बोट दाखवितात. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात येते. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. येथे दक्षिणेस जाणारी वैनगंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. तीर्थाला आणखी काय हवे?

मूळची देवळे चोवीस असल्याचे सांगतात. त्यांत मार्कंड ऋषींचे देऊळ आहे, पिता मृकंडाचे आहे आणि यमधर्माचेही आहे. कथेत हरलेल्याला त्याच आवारात जागा देणारी ही परंपरा उदार म्हटली पाहिजे.

ही देवळे सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटली जातात. हेमाद्री तेराव्या शतकातील, यादव राजांचा मंत्री. मार्कंड्याच्या मुख्य मंदिराची भिंत मूर्तींच्या रांगांनी भरलेली आहे आणि तिची शैली त्याच्याहून जुनी, साधारण दहाव्या-अकराव्या शतकाकडे जाणारी आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या मध्य प्रांतातील दौऱ्यात येथे आले, तेव्हा त्यांना या शिल्पांत खजुराहोचे साम्य दिसले. ‘विदर्भाचे खजुराहो’ हे आजचे बिरुद त्याच तुलनेच्या वाटेने जाते. ते सोयीचे खरे, पण त्यामुळे मार्कंड्याची ओळख दुसऱ्याच्या नावावर उभी राहते.

मृत्यूला परतविणाऱ्याचे देऊळ स्वतः मात्र अमर नव्हते. अठराव्या शतकात वीज पडून शिखर कोसळले आणि मंडपही भंगला, असे जुन्या नोंदी सांगतात. गेल्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मुख्य मंदिराचे वरचे दगड उतरवून पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. उतरविलेला दगड आपल्या नेमक्या जागी परत गेला नाही, तर त्या शिल्पाचा क्रम कायमचा हरवतो. महाशिवरात्रीची जत्रा मात्र भरतच राहिली. वैनगंगेत स्नान करून येणारी माणसे त्या दगडांच्या शेजारून दर्शनाला जात राहिली.