छावणींतून उठलेलें शहर

शहर वसवावयाचें म्हणजे आधीं जमिनीची आंखणी व्हावी, मग रस्ते पडावे आणि शेवटीं घरें उठावीं, हा सामान्य क्रम होय. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील उल्हासनगरांत हा क्रम उलटला. तेथें छप्पर आधीं आलें. मालकी, आंखणी व कायदा हीं मागाहून आलीं.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनें कल्याणशेजारीं पांच लष्करी छावण्या उभारल्या. पलटणींनीं कांहीं काळ टेकावें आणि पुढें कूच करावें, एवढ्यासाठीं त्यांतील लांबच लांब बराकी बांधल्या होत्या. संसारासाठीं त्या नव्हत्याच. १९४७ सालीं फाळणी झाली आणि घरदार सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांना याच बराकी मिळाल्या. लौकरच त्यांची संख्या लाखाच्या घरांत गेली. एकेका बराकींत अनेक कुटुंबें राहिलीं. मध्यें भिंत म्हणून गोणपाटाचा पडदा लागला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं कोनशिला बसविली आणि नदीच्या नांवावरून छावणीचें उल्हासनगर झालें.

निर्वासित हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. पडद्याच्या जागीं वीट आली, बराकीपुढें खोली निघाली, खोलीचें दुकान झालें. १९५४ च्या पुनर्वसन कायद्यानें विस्थापितांना भरपाई व मालमत्तेचा हक्क देण्याची वाट केली. परंतु कागद सावकाश चालत होते आणि कुटुंबें वाढत होतीं. २०११ च्या शिरगणतींत सुमारें १३ चौरस किलोमीटरांत पांच लक्षांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं. आडवी जागा सरली तेव्हां इमारती उंच चढल्या, आणि त्यांतील पुष्कळशा परवानगीवांचून. शेवटीं २००६ सालीं केवळ या एका शहरासाठीं अनधिकृत बांधकामें नियमित करणारा कायदा राज्य सरकारास करावा लागला. परंतु कायद्यानें इमारतीस मान्यता मिळते, तिच्या खांबांस बळ मिळत नाहीं. मे २०२१ मध्यें दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी प्राणांस मुकले.

यांत दोष केवळ रहिवाशांचा म्हणणें अन्यायाचें होईल. संकटांत सांपडलेल्या माणसास तांतडीनें छप्पर देणें हें कर्तव्यच होतें. पण तात्पुरतें छप्पर तात्पुरतें राहत नाहीं. त्याखालीं मुलें जन्मतात, धंदे उभे राहतात, नातवंडें नांदतात. म्हणून निवारा ज्या दिवशीं द्यावयाचा, त्याच दिवशीं पुढील पिढीच्या जागेचा विचार व्हावयास हवा. पलटणी जाऊन कित्येक वर्षें लोटलीं, तरी उल्हासनगरचा रहिवासी आपला पत्ता सांगतांना आजही ‘कँप नंबर तीन’ असेंच म्हणतो.