जहाजाच्या नोंदवहीतील पूर्वज

सीतापुऱ्यात चाकरीनिमित्त स्थिरावलेल्या आपणां मराठी जनांस कुळाचा माग काढावयाचा झाल्यास नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना तो आधार नाही. त्यांचा भरवसा जहाजाच्या नोंदींवर.

१८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लक्ष भारतीय करारबद्ध होऊन त्या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील माणसे पुष्कळ होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, प्रत्येकास एक क्रमांक मिळे. बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरील खूण, गाव, जहाज इतके त्यापुढे लिहीत. काहींचे छायाचित्रही आढळते. आडनावाचा मात्र बहुधा पत्ता नसे. कारकुनाने कानी पडले तसे रोमन लिपीत टिपले, आणि कोणा साध्या शेतकऱ्याचे पाळण्यातले नाव पुढील पिढ्यांचे आडनाव होऊन बसले!

म्हणून शोधकाने नावामागे न धावता क्रमांक धरावा. घरातील जुन्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांवर तो कित्येकदा सापडतो, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदवह्यांत त्यावरून मूळ पान निघते. राहिले गावाचे नाव. ते वाचू नये, मोठ्याने उच्चारावे; कोकणातला कान असलेला कोणी जवळ बसला असेल, तर तो ते चटकन ओळखतो.