खाटेपाशी आलेली बाई
संकटानंतरची मानसिक वाढ मोजणारी प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ टेडेस्की आणि कॅल्हून यांनी १९९६ मध्ये मांडली. कर्करोगाच्या रुग्णांनी मात्र तिची वाट पाहिली नव्हती. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचा स्तन शस्त्रक्रियेत काढला गेला, तेव्हा पुढे हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, हे सांगणारे कोणी नव्हते. म्हणून १९५२ पासून त्या स्वतःच इतर बायकांच्या खाटांपाशी दोरी, चेंडू आणि तात्पुरता कृत्रिम स्तन घेऊन जाऊ लागल्या. अनेक शल्यविशारदांना ही लुडबुड वाटली. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने मात्र हे काम आपलेसे केले. माझ्या मते वाढीचे मूळ इथे आहे: एकटीने केलेल्या सकारात्मक विचारात नव्हे, सोसून मिळालेले ज्ञान दुसरीच्या कामी येण्यात.

यावर सर्वांत धारदार आक्षेप रुग्णाचाच आहे. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये अशाच एका स्वयंसेविकेची भेट नोंदवली; तिने आणलेला कृत्रिम स्तन त्यांना झालेली हानी लपवण्याची सक्ती वाटला. आक्षेप खरा आहे. हसतमुखतेची सक्ती म्हणजे वाढ नव्हे. टेडेस्की-कॅल्हूनही वाढ आणि वेदना एकत्र नांदतात असेच म्हणतात. पण लॉर्ड यांनीही आपला नकार छापून इतर बायकांपर्यंत पोचवलाच.